कॉर्नेलिया सोराबजी : पडद्याआडच्या स्त्रियांच्या वकील

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दर वर्षी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र द्यावे अशी प्रथा आहे. सावित्रीबाई, पंडिता रमाबाई, रमाबाई रानडे, डॉ. आनंदीबाई जोशी यांच्याविषयी आपण सर्व भगिनींनी पुष्कळ वाचले आहे. या खेपेस चिटणीसबाईंनी हे काम माझ्याकडे सोपविले, तेव्हा मी त्यांना म्हटले की, मी तीस वर्षे काळा कोट घालून पिंपरी आणि खेडच्या कोर्टांत हेलपाटे घातलेली बाई, मी लिहीन तर एका वकीलबाईवरच लिहीन. त्या हसल्या आणि म्हणाल्या, लिहा, पण कायद्याची कलमे फार नकोत. तेव्हा कलमे बेताचीच ठेवते.

वकिलीची सनद मिळाली म्हणजे शिक्षण संपले, अशी आपल्याकडे समजूत आहे. इंग्लंडात वकिलाला आपले ज्ञान ताजे ठेवले आहे असे दर वर्षी लिहून द्यावे लागते. आपल्याकडे तशी सक्ती नाही, पण आताशा वकिलांसाठी व्याख्याने आणि शिबिरे भरू लागली आहेत. त्यांत नुसते नवे कायदे नसतात. वकिलाने नीतीने कसे वागावे, स्वतःची प्रकृती आणि मन कसे सांभाळावे, आणि कोर्टाची पायरी चढायला ज्यांना भीती किंवा लाज वाटते अशांना आपल्या कामात कसे सामावून घ्यावे, हेही विषय असतात. जुने वकील मागच्या बाकावर डुलक्या घेतात, नवे भ्रमणध्वनीत डोके घालून बसतात. मी मात्र असे व्याख्यान ऐकू लागले की मनात कॉर्नेलियाबाई सोराबजी उभ्या राहतात. हे तिन्ही विषय त्यांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कोणी न शिकवता स्वतःच शिकून घेतले, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक वेळी त्यांच्याजवळ सनदसुद्धा नव्हती.

त्यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिकचा. वडील रेव्हरंड सोराबजी खरसेटजी हे मूळचे पारशी, लहान वयात ख्रिस्ती झालेले. आई फ्रान्सिना यांना बारा वर्षांच्या असताना फोर्ड नावाच्या इंग्रज दांपत्याने वाढविण्यास घेतले होते. कॉर्नेलिया हे नाव त्या फोर्डबाईंचेच. घरात मुलींची संख्या मोठी. बालपण बेळगावात आणि पुढे पुण्यात गेले. आई खरी कर्ती बाई. १८७६ साली त्यांनी पुण्यात व्हिक्टोरिया हायस्कूल काढले, आणखीही शाळा काढल्या. मुलींना शिकवायचे ते कशासाठी, हा प्रश्न त्या घरात कोणी विचारला नाही. आपल्यापैकी ज्या भगिनींनी आपल्या आया-आज्यांकडून हा प्रश्न ऐकला असेल, त्यांना यातला फरक मी सांगायला नको.

कॉर्नेलियाबाईंनी पुढे आपल्या आठवणींत एक प्रसंग सांगितला आहे. त्या लहान असताना आईकडे एक श्रीमंत गुजराती विधवा आली. ती पडद्यात राहणारी, परपुरुषाच्या दृष्टीस न पडणारी. तिच्या कारभाऱ्याने तिच्याकडून कागदावर सही घेतली होती आणि तो कागद म्हणजे तिची सारी मालमत्ता त्याच्या नावे करून देणारा निघाला. तिला तो वाचता आला नव्हता, वाचून दाखविणारा तोच कारभारी, आणि वकिलाकडे जावे तर वकील पुरुष. ती रडून निघून गेल्यावर आईने मुलीला समजावले की, अशा बायकांना मदत करायची असेल तर मोठी होऊन कायदा शीक. मुलीने ते मनावर घेतले. पुष्कळ मुले अशा गोष्टी मनावर घेतात आणि मोठेपणी विसरतात. या विसरल्या नाहीत, एवढाच काय तो विशेष.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात नाव घालणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. येरवड्याच्या बाजूची ती दगडी इमारत आजही उभी आहे. आता तिथे भाषाशास्त्राचे आणि पुरातत्त्वाचे संशोधन चालते. वर्गात सगळे मुलगे, ही एकटी. वर्गाचे दार तिच्या तोंडावर लावून घेण्यापर्यंत काहींची मजल गेली. परीक्षेचा निकाल लागला तेव्हा साऱ्या इलाख्यात त्या अग्रभागी होत्या. मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या स्त्री पदवीधर. अशा विद्यार्थ्याला विलायतेस जाऊन शिकण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळत असे. नियमाने ती यांची होती, पण त्या स्त्री आहेत म्हणून ती नाकारण्यात आली. नियम करणाऱ्याच्या मनात विद्यार्थी म्हणजे पुरुषच होता. तशी स्पष्ट मनाई कुठे लिहिली नसली तरी चालते, ही युक्ती आम्हा बायकांच्या चांगली ओळखीची आहे.

त्या रडत बसल्या नाहीत. १८८८ साली अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात इंग्रजीच्या प्राध्यापकाची तात्पुरती जागा मिळाली ती त्यांनी घेतली. बाविशीतली बाई पुरुष विद्यार्थ्यांना शिकविते आहे हे दृश्य त्या काळी कसे वाटले असेल याची कल्पना करा. त्याच सुमारास मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजत होता. नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा निकाल १८८७ च्या मार्चमध्ये झाला होता. त्या खटल्यात वकील पुरुष, न्यायाधीश पुरुष, वर्तमानपत्रांत भांडणारेही बहुतेक पुरुषच. स्त्रीच्या शरीराचा आणि आयुष्याचा निर्णय चालला होता आणि कोर्टाच्या त्या बाजूला बसण्याचा हक्क एकाही स्त्रीला नव्हता.

इकडे विलायतेत मेरी हॉबहाउस नावाच्या बाईंनी वर्तमानपत्रात पत्र लिहून या हुशार मुलीसाठी वर्गणीची हाक दिली. वर्गणी देणाऱ्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल होत्या, सर विल्यम वेडरबर्न होते. १८८९ साली कॉर्नेलियाबाई ऑक्सफर्डच्या सॉमरविल संस्थेत दाखल झाल्या. आधी त्यांना इंग्रजी साहित्याकडे वळविण्यात आले, पण त्यांचे मन कायद्यावर. बेलियल कॉलेजचे प्रमुख बेंजामिन जॉवेट यांना या मुलीचे कौतुक वाटले आणि त्यांनी तिची बाजू घेतली. १८९० साली ऑल सोल्स कॉलेजच्या कॉड्रिंग्टन ग्रंथालयात बसून वाचण्याची परवानगी मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. पुढे बी. सी. एल. ही कायद्याची कठीण परीक्षा आली. एका परीक्षकाने बाईची परीक्षा घेण्यासच नकार दिला. मग तोडगा निघाला की, त्यांनी पुरुषांपासून वेगळे बसून उत्तरे लिहावीत. बाईंना ते मान्य नव्हते. वेगळ्या खोलीत दिलेली परीक्षा उद्या कोणी खरी मानणार नाही, हे त्या ओळखून होत्या. अखेर विद्यापीठाला खास ठराव करावा लागला आणि १८९२ साली त्या परीक्षेस बसल्या. तिथे ही परीक्षा देणारी स्त्री त्यांच्याआधी कोणी झाली नव्हती.

त्यांना तिसरा वर्ग मिळाला. काही चरित्रकार हे घाईघाईने सांगून पुढे जातात. मला ती गोष्ट आवडते. पहिली म्हणून गेलेल्या बाईने पहिलाच नंबर काढला पाहिजे, अशी एक जाचक अपेक्षा आपण आपल्या मुलींवर लादतो. तिसऱ्या वर्गात उतरलेल्या किती पुरुषांनी पुढे न्यायासने भूषविली आहेत! पदवी मात्र त्यांच्या हातात पडली नाही, कारण स्त्रियांना पदवी देण्याची ऑक्सफर्डची रीतच नव्हती. ती पदवी त्यांना १९२२ साली मिळाली. परीक्षा पंचविसाव्या वर्षी, पदवी पंचावन्नाव्या वर्षी.

लंडनमध्ये ली अँड पेंबर्टन या सॉलिसिटरांच्या पेढीत काही काळ उमेदवारी करून १८९३ मध्ये त्या पुण्यास परतल्या. आता खरी कसोटी सुरू झाली. कायदा येतो, पण सनद नाही. काठेवाडातील आणि इंदूरकडील संस्थानांत पडदानशीन स्त्रियांच्या वतीने इंग्रज एजंटांपुढे अर्ज करण्याची खास परवानगी त्यांना मिळे, पण ती त्या त्या कामापुरती. १८९६ साली पुण्यात एका खुनाच्या खटल्यात कोर्टाच्या परवानगीने त्या आरोपीच्या बाजूने उभ्या राहिल्या. इंग्रजी राज्याच्या कोर्टात एखाद्या स्त्रीने उभे राहून बाजू मांडल्याचे हे पहिले उदाहरण, आणि ते आपल्या पुण्यातले.

सनद मिळावी म्हणून त्यांनी पुन्हा पुस्तके हाती घेतली. १८९७ साली मुंबई विद्यापीठाची एलएल. बी. झाल्या. तरी अडचण राहिलीच. मग १८९९ साली अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षा दिली, तीही उतरल्या. हायकोर्टाने सनद नाकारली. तिशी ओलांडलेली बाई, ऑक्सफर्डची परीक्षा दिलेली, एकामागून एक परीक्षा देत राहते आणि दर वेळी दाराशी कोणीतरी आडवा उभा असतो. वकिलाच्या मनःस्वास्थ्यावर बोलणारे आजचे वक्ते कामाचा ताण, अशिलांचा ससेमिरा, तारखांची धावपळ यांविषयी सांगतात ते खरेच आहे. पण गुणवत्ता असून दारातून परत पाठविले जाण्याने मनाला जी वाळवी लागते तिच्याविषयी सहसा कोणी बोलत नाही. कॉर्नेलियाबाईंनी यावर शोधलेला उपाय म्हणजे लिहिणे. रोजनिशी, विलायतेतल्या मित्रमंडळींना लांबलचक पत्रे, आणि गोष्टी. १९०१ साली पडद्याआडच्या जीवनावरचे त्यांचे पहिले पुस्तक निघाले. पुढे अनेक निघाली. त्यांची पत्रे व रोजनिश्या आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जपून ठेवलेल्या आहेत.

या काळातली एक मौज सांगते, म्हणजे चरित्र फार रुक्ष व्हायला नको. पंचमहालाकडच्या एका संस्थानात त्यांना चक्क एका हत्तीच्या वतीने बाजू मांडायची होती. त्याच्या पोटापाण्यासाठी पूर्वी दिलेले उत्पन्न काढून घेण्यात आले होते. न्यायनिवाडा करणारे खुद्द राजेसाहेब. बाईंनी मुद्दे तयार केले, पण राजेसाहेबांनी ते ऐकण्याआधीच निकाल यांच्या बाजूने देऊन टाकला, कारण त्यांच्या कुत्र्याला या वकीलबाई आवडल्या होत्या. हत्तीचे भले झाले. पण कुत्र्याच्या पसंतीवर न्याय मिळतो तिथे नापसंतीवर तो जातही असणार, हे कोणाही वकिलाच्या ध्यानी येईल.

१९०२ पासून त्यांनी सरकारपुढे एकच मागणी लावून धरली. जिथे विधवा आणि अज्ञान मुले यांच्या जहागिरींचा कारभार सरकार पाहते, तिथे त्या स्त्रियांशी समक्ष बोलू शकेल अशी स्त्री कायदा-सल्लागार नेमा. बंगालकडे अशा व्यवस्थेला कोर्ट ऑफ वॉर्ड्स म्हणत. जमीनदार वारला, मागे कोवळी विधवा आणि लहान मूल राहिले, की सरकार जहागीर ताब्यात घेई. पण सरकारचा अधिकारी पुरुष. त्याला जनानखान्यात प्रवेश नाही. मग बाईचे म्हणणे काय, ते कारभारी सांगणार, दीर सांगणार, नाहीतर पडद्याआडून दासी सांगणार. बाईची खरी इच्छा अधिकाऱ्यापर्यंत पोचेतो तिचे काय होत असेल ते तुम्ही जाणताच. १९०४ साली बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये कॉर्नेलियाबाईंची नेमणूक झाली, आणि १९०७ पर्यंत बंगालसह बिहार, ओरिसा आणि आसाम असा प्रचंड मुलूख त्यांच्याकडे आला.

मला त्यांच्या चरित्रातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. पालखी, होडी, हत्ती, आगगाडी, मिळेल त्या वाहनाने त्या खेड्यापाड्यांतल्या वाड्यांत जात. आधी जमिनीवर बसून बायकांशी गप्पा, त्यांच्या मुलांची चौकशी, पूजाअर्चा, व्रतवैकल्ये, दुखणीखुपणी. कागद नंतर. कोणाला विषप्रयोगाची भीती, कोणाच्या मुलाला शिक्षण नाही, कोणाची पोटगी भावकीने अडवलेली. सहाशेहून अधिक स्त्रिया व अनाथ मुले यांना त्यांनी साहाय्य केले असे सांगतात, आणि पुष्कळदा मोबदला न घेता. स्वतः ख्रिस्ती असूनही त्या कोणाच्या देवघराला नावे ठेवत नसत. बायकांना त्यांच्या चालीरीतींसकट समजून घ्यायचे आणि मग कायद्याने त्यांचे जे आहे ते त्यांच्या हातात द्यायचे, अशी ही पद्धत. १९०९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले. पदक दिले, पण पगार, हुद्दा आणि पेन्शन यांसाठी त्याच सरकारशी त्यांना भांडत राहावे लागले. इतरांना त्यांचे हक्क मिळवून देणाऱ्या बाईला स्वतःच्या पगाराची लढाई सुटली नाही.

इथे कायद्याचे एक तत्त्व सांगते, चिटणीसबाईंनी क्षमा करावी. पडदानशीन स्त्रीने केलेला दस्त नुसत्या सहीने किंवा अंगठ्याने पक्का होत नाही, असे प्रिव्ही कौन्सिलने ठरविले होते. ज्याला त्या दस्ताचा लाभ होतो त्यानेच सिद्ध करायचे की, बाईला मजकूर समजला होता, आणि तिने तो स्वखुशीने केला. तिला कोणा तटस्थ माणसाचा सल्ला मिळाला होता की नाही हेही पाहिले जाई. कॉर्नेलियाबाईंचे सारे काम म्हणजे हा तटस्थ सल्ला घेऊन वाड्यावाड्यांत हिंडणे होय.

आता भगिनींनो, आपल्या परिसराकडे या. आपल्याकडे पडदा नाही. पण भोसरी, चाकण, हिंजवडी या बाजूंना कारखान्यांसाठी जमिनी संपादन झाल्या, भाव आभाळाला भिडले, आणि घरोघर हक्कसोडपत्रे निघाली. बहिणीला माहेरी बोलवायचे, साडीचोळी करायची, जेवण घालायचे, आणि दुपारी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेऊन सही घ्यायची. तिला वाटते सातबाऱ्यावरची काही दुरुस्ती आहे. या विषयातला कायदा माझ्या डोळ्यांदेखत तीनदा बदलला. महाराष्ट्राने १९९४ साली वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. २००५ साली देशभरच्या दुरुस्तीने विवाहित-अविवाहित हा भेद गेला. आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, २००५ साली वडील हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क आहेच. जो वकील १९९० साली शिकला आणि पुढे वाचायचा थांबला, तो आपल्या पक्षकार बाईला आजही चुकीचा सल्ला देईल, आणि तोही प्रामाणिकपणे.

शिवाय नीतीचा प्रश्न आहेच. कागद भावाने करायला सांगितला, फी भावाने दिली, सही बहिणीची. वकील कोणाचा? मी एकदा एका वकिलाला विचारले की, तुम्ही त्या बाईशी एकट्याने बोललात का. तो चकितच झाला. त्याची गरज काय, असा त्याचा चेहरा होता. कॉर्नेलियाबाई असत्या तर आधी बाकी सर्वांना खोलीबाहेर पाठवून त्या बाईजवळ बसल्या असत्या. बहिणीने सारे समजून उमजून हक्क सोडला तर तो तिचा अधिकार आहे, आणि माहेर तुटू नये म्हणून सोडणाऱ्या पुष्कळ आहेत, त्यांना मी नावे ठेवीत नाही. पण समजून सोडणे वेगळे आणि जेवणाच्या गडबडीत सही करणे वेगळे. आपल्यापैकी ज्यांना शंका असेल त्यांनी सही करण्याआधी तालुका विधी सेवा समितीकडे जावे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची कोणतीही अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. ही गोष्ट शिकलेल्या भगिनींनासुद्धा ठाऊक नसते म्हणून मुद्दाम लिहिले.

पुन्हा चरित्राकडे वळते. इतर स्त्रियाही त्याच दारावर थापा मारीत होत्या. कलकत्त्याच्या रेजिना गुहा यांना १९१६ साली कोर्टाने परत पाठविले, पाटण्याच्या सुधांशुबाला हाजरा यांना १९२१ साली. कायद्यात वकिलासाठी वापरलेला शब्द स्त्रीला लागू होत नाही, असे निकाल झाले. विलायतेत १९१९ च्या कायद्याने स्त्रियांना वकिलीचे दार उघडले होते. मग १९२१ च्या ऑगस्टमध्ये अलाहाबाद हायकोर्टाने कॉर्नेलियाबाईंना सनद दिली. त्यांनी परीक्षा दिली त्याला तेव्हा बावीस वर्षे झाली होती आणि त्या चोपन्न वर्षांच्या होत्या. १९२३ साली स्त्री वकिलांचा स्वतंत्र कायदा होऊन साऱ्या देशात ही आडकाठी गेली. त्याच वर्षी त्या लंडनच्या लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाल्या. आपल्या मुंबईच्या मिठन टाटा, म्हणजे पुढच्या मिठन लाम, याही १९२३ मध्येच तिथून बॅरिस्टर झाल्या आणि मुंबई हायकोर्टात वकिली करणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. मिठनबाईंनी ऐन पंचविशीत जे मिळविले ते कॉर्नेलियाबाईंना साठीच्या उंबरठ्यावर मिळाले. आधी दार ठोठावणारीचे हात सुजतात, मागून येणारीला ते लोटले की उघडते.

१९२४ पासून त्यांनी कलकत्त्यात वकिली केली. पण कायदा बदलला तरी माणसे बदलली नव्हती. बार रूममधल्या मंडळींना बाई नको होती. खटल्यात उभे राहण्याची कामे फारशी येईनात, बसून अभिप्राय लिहून देण्याचीच येत. हे वाचताना माझे स्वतःचे सुरुवातीचे दिवस आठवतात. एका तालुक्याच्या कोर्टात आम्हा बायकांना बसायला वेगळी जागा नव्हती, आणि मला येणारी कामे म्हणजे तारीख मागून घेण्याची. ज्येष्ठ मंडळी मला मुली म्हणत, माझ्याबरोबरीच्या पुरुषाला वकीलसाहेब. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांविषयी कोर्टात कोणते शब्द व कोणते ग्रह टाळावेत याची पुस्तिकाच काढली. काहींनी तिची टर उडविली. ज्यांनी ते शब्द कधी झेलले नाहीत त्यांना ती अनावश्यक वाटणारच.

कॉर्नेलियाबाईंच्या स्वभावात एक बाजू अशी आहे की ती लपवून चरित्र लिहिणे बरे नव्हे. त्यांची इंग्रजी राज्यावर निष्ठा होती. स्वातंत्र्याच्या चळवळीशी त्यांचे जमले नाही, गांधीजींवर त्यांनी टीका केली. मिस मेयो या अमेरिकन बाईने १९२७ साली हिंदुस्थानची निंदा करणारे पुस्तक लिहिले, तेव्हा सारा देश संतापला असता कॉर्नेलियाबाईंनी मेयोबाईंची बाजू घेतली. याने त्यांच्या कामाचेच नुकसान झाले. ज्या सुशिक्षित हिंदी भगिनींना बरोबर घेऊन त्या समाजसेवेच्या संस्था चालवू पाहत होत्या त्या दुरावल्या. मला त्यांचे हे मत पटत नाही. पडद्यातल्या स्त्रियांचे दुःख इतक्या जवळून पाहिलेल्या बाईला आपल्याच देशातल्या शिकलेल्या स्त्रियांची आकांक्षा दिसू नये, याचे नवल वाटते. कदाचित आयुष्यभर ज्यांनी थोडी थोडी दारे किलकिली केली ते इंग्रज मित्रच त्यांना आधार वाटत राहिले असतील. कारण काही असो, स्वराज्य आले तेव्हा त्यांचे नाव घेणारे थोडेच उरले होते, आणि शाळेच्या पुस्तकांत त्यांना जागा मिळाली नाही ती बहुधा यामुळेच.

१९२९ साली वकिली सोडून त्या लंडनला स्थायिक झाल्या. मधून मधून हिवाळ्यात हिंदुस्थानात येत. १९३४ आणि १९३६ साली त्यांनी आपल्या आठवणींची दोन पुस्तके प्रसिद्ध केली. मी वर सांगितलेल्या काही गोष्टी त्यांतल्याच. ६ जुलै १९५४ रोजी, सत्त्याऐंशीव्या वर्षी, लंडनमध्ये त्यांचा अंत झाला. त्याच १९५४ साली इकडे पिंपरीच्या माळावर हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहत होता आणि आपल्या या गावांचे शहर होण्यास आरंभ झाला होता.

आमच्या धंद्यात गेल्या दोन वर्षांत पुन्हा सारे उलटेपालटे झाले आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, फौजदारी काम करणाऱ्यांना पाठ झालेले कलमांचे आकडे विसरून नवे शिकावे लागले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. आपल्या पट्ट्यात याचे महत्त्व मोठे. यंत्रात बोटे गेलेल्या कामगाराची नुकसानभरपाई जवळजवळ शंभर वर्षे ज्या १९२३ च्या कायद्याने मिळत होती, त्याचा विषय आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे. म्हणजे ज्या साली स्त्रियांना वकिलीचे दार उघडले त्याच सालचा तो कायदा. त्यामुळे सत्तरी जवळ आली असली तरी रविवारच्या अभ्यासवर्गाला मी चष्मा आणि वही घेऊन जाते. शेजारी बसणाऱ्या तरुण मुली मला नवी कलमे सांगतात, मी त्यांना जुन्या निकालांच्या खुणा सांगते. चाकणच्या एका कंपनीत कंत्राटी कामावर असलेल्या पुरुषाच्या विधवेचे प्रकरण आम्ही तिघींनी मिळून तयार केले. तिला मराठी नीट येत नव्हते, ती ओरिसाकडची. दुभाषा म्हणून ठेकेदाराचाच माणूस आला होता. त्याला आम्ही बाहेर बसविले आणि शेजारच्या चाळीतली तिच्या गावची बाई बोलावून घेतली.

लिंकन्स इनमध्ये २०१२ साली कॉर्नेलियाबाईंचा अर्धपुतळा बसविण्यात आला. त्यांची एक बहीण ॲलिस डॉक्टर झाली आणि वायव्य सरहद्दीवर बन्नू येथे तिने रोग्यांची सेवा केली. दुसरी बहीण सुझी पुण्यातच राहिली. तिने काढलेली सेंट हेलेनाज ही मुलींची शाळा पुणे स्टेशनाजवळ आजही चालू आहे, आणि आपल्या मंडळातल्या दोघी भगिनी त्याच शाळेत शिकलेल्या आहेत.